परदेशातलं दत्तक: कोकणातल्या घरांनी सुरुवात कुठून करावी

गणपतीत गाव भरतं. मुंबईकर येतात, तसे कुवेत, मस्कत, लंडन, ह्यूस्टनहून रजा जुळवून आलेलेही येतात. आरत्या आटोपून माणसं माजघरात निवांत टेकली की वर्षभर मनात ठेवलेलं बोलणं निघतं. "वैनीला तीन मुली. धाकटीला आम्ही नेतो, तिकडे शिकेल. आमचंही घर भरेल." दोन दिवसांत होकार होतो. कुणीतरी ओळखीचा नोटरी सुचवतो, स्टॅम्पपेपर येतो, चार साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि रजा संपायच्या आत मुलीचा पासपोर्ट निघेल का याची चौकशी सुरू होते.

हेतू चांगला असतो. पण ही वाट पुढे बंद आहे. नोटरी केलेल्या कागदाने दत्तक होत नाही, त्यावर व्हिसा मिळत नाही, आणि काही देशांच्या बाबतीत घाईने केलेला हा कागदच नंतरची खरी वाट अडवून बसतो. मूल इकडे, आईवडील म्हणवणारे तिकडे, अशी वर्षं जातात. म्हणून हा लेख, ज्यांच्या घरात हा विषय नुकताच निघाला आहे त्यांच्यासाठी. वकिलाकडे जाण्याआधी एवढं माहीत असलं की तुमचा वेळ आणि त्या मुलाची ओढाताण, दोन्ही वाचतील.

आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा

पहिला प्रश्न: दत्तक घेणारे सध्या कायमचे कुठे राहतात आणि त्यांचं नागरिकत्व कोणतं? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणारा मामा हा अनिवासी भारतीय. लंडनमध्ये ब्रिटिश पासपोर्ट घेतलेली आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलेली आत्या कायद्याने परदेशी नागरिक. दोघांचे अर्ज वेगळ्या रांगेत जातात.

दुसरा प्रश्न: मूल कुणाचं आहे? नात्यातलं, संस्थेतलं, की दुसऱ्याच देशाचं?

तिसरा प्रश्न: कोणत्या कायद्याखाली? आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक, १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, जो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. दुसरी, २०१५ चा बाल न्याय कायदा, जो सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. दापोली, खेड, चिपळूणकडच्या मुस्लिम कुटुंबांना आणि वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, मूल कायद्याने आपलं होत नसे. आता बाल न्याय कायद्याने त्यांनाही पूर्ण दत्तक घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, याआधीच्या बाल न्याय कायद्याबद्दल बोलताना, शबनम हाश्मी प्रकरणात हे स्पष्ट केलं: धर्म कोणताही असो, हा पर्याय प्रत्येकाला आहे, सक्ती मात्र कुणावर नाही.

ही उत्तरं लिहून झाली की कुठल्या दारात जायचं ते कळतं. ती नसताना केलेली धावपळ फुकट जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

हे सगळे नियम आले कुठून

थोडक्यात सांगते, कारण कारण कळलं की नियमांचा राग येत नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात भारतातली मुलं परदेशी जात होती आणि त्यांचं पुढे काय होतं यावर कुणाची नजर नव्हती. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी आंतरदेशीय दत्तकासाठी सविस्तर नियम घालून दिले. त्यातून १९९० मध्ये दिल्लीत केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण उभं राहिलं. सगळे त्याला 'कारा' म्हणतात, मीही तेच म्हणते. १९९३ मध्ये हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत २००३ मध्ये त्यात सामील झाला. करार एवढंच म्हणतो की मूल जिथून निघतं आणि जिथे पोचतं, त्या दोन्ही देशांनी आधी लेखी 'हो' म्हटलं पाहिजे. मुलाची विक्री होऊ नये, आईवडिलांवर दबाव येऊ नये आणि मूल दोन देशांच्या मध्ये लटकू नये, यासाठी.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी हे देश या करारात आहेत. आखातातले देश नाहीत. कोकणातली निम्मी प्रकरणं इथेच वेगळी होतात, त्यावर पुढे येते.

वाट पहिली: नात्यातलं मूल परदेशी न्यायचं आहे

बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी नातलग म्हणजे कोण, हे ठरलेलं आहे: मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. संपलं. चुलतभावाचा मुलगा, मावसबहिणीची मुलगी, वहिनीच्या माहेरचं कुणी, ही आपल्या लेखी जवळची नाती असली तरी या व्याख्येत बसत नाहीत. आमच्याकडे वाडीच्या वाडी एका आडनावाची असते, सगळे भाऊबंद. तिथे हा नियम लोकांना पटत नाही, पण तो आहे आणि त्याला फाटा देता येत नाही.

नातं व्याख्येत बसत असेल तर क्रम असा.

सुरुवात परदेशातून होते, गावातून नव्हे. काका-काकू जिथे राहतात तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेकडे किंवा तिथल्या सरकारच्या केंद्रीय यंत्रणेकडे त्यांनी जायचं. तिथला समाजसेवक त्यांच्या घरी येऊन पाहणी करतो, अहवाल लिहितो आणि काराच्या ऑनलाइन प्रणालीवर त्यांची नोंदणी होते. इकडच्या माणसांनी तोवर थांबायचं असतं. इथेच धीर सुटतो.

मग कारा आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवते. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली असतो: रत्नागिरीचा रत्नागिरीत, सिंधुदुर्गचा ओरोसला, रायगडचा अलिबागला. कक्षाचा समाजसेवक मुलाच्या जन्मदात्या घरी येतो आणि कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल करतो.

ही भेट नीट समजून घ्या. घरची माणसं पडवी सारवून, खुर्च्या मांडून, चहा-पोहे तयार ठेवतात. काही हरकत नाही. पण समाजसेवक आईशी एकटीने बोलायला मागतो तेव्हा सासूबाई किंवा दीर दारात उभे राहतात, आणि सगळं अवघडतं. तिला एकटीला बोलू द्या. तिला विचारायचं असतं की हा निर्णय तिचा आहे का, कुणी पैसे कबूल केलेत का, नवऱ्याने किंवा दिराने गळ घातली का, मूल गेल्यावर ते कायद्याने तिचं राहणार नाही हे तिला कळलं आहे का. एका घरी मी पाहिलं, आई सगळ्यांसमोर "हो हो" म्हणत होती. मागच्या पडवीत, नारळाच्या झापांच्या ढिगापाशी, तिने समाजसेविकेला विचारलं, "मे महिन्यात ती माझ्याकडेच येणार ना?" तिच्या समजुतीने मुलगी बोर्डिंगला चालली होती. ते प्रकरण तिथे थांबलं आणि थांबलं ते बरंच झालं. त्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आता काका तिकडून पाठवतो, मुलगी आईपाशी आहे. शिक्षण हाच हेतू असेल तर त्यासाठी आईवडील बदलावे लागत नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगते.

मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती घेतात. त्याला पढवून ठेवू नका. "तिकडे मोठी बाग आहे म्हण, आवडतं म्हण" असं शिकवलेलं पोर दोन वाक्यांत उघडं पडतं.

अहवाल गेला, समोरच्या देशाची लेखी परवानगी आली की अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश न्यायालय देत नाही, जिल्हाधिकारी देतात. जुन्या माहितीवर चालणारे काही जण अजून कोर्टात अर्ज करायला सांगतात, त्यांचं ऐकू नका. सुनावणी बंद दाराआड असते आणि कायद्याने ती दोन महिन्यांत निकाली निघायला हवी. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. आपल्यासाठी ते कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात.

आदेशानंतर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, हेग देश असेल तर कराराच्या २३ व्या कलमाखालचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं), नव्या पालकांच्या नावाने जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. याच क्रमाने. मूल न्यायला पालकांनी स्वतः यायचं, कुणा ओळखीच्या प्रवाशाबरोबर पाठवायचं नाही.

१९५६ च्या कायद्याने का करू नये?

करता येतं, आणि चुलत-मावस नात्यांत पुष्कळदा हाच पर्याय उरतो, कारण या कायद्याला नातं लागतच नाही. पण त्याच्या अटी कडक आहेत. मूल पंधरा वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा पणतू हयात नसावा. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुष मुलगी घेणार असेल किंवा बाई मुलगा घेणार असेल तर दोघांत किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. देणाऱ्या आईवडिलांची आणि घेणाऱ्या जोडप्यातल्या दोघांची संमती हवी. प्रत्यक्ष देणं-घेणं झालं पाहिजे, होम केला नाही तरी चालतो. पैशांची देवघेव गुन्हा आहे. आणि एकदा झालेलं दत्तक रद्द करता येत नाही.

दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

परदेशी राहणाऱ्यांसाठी मोठा मुद्दा असा की हे दत्तकपत्र नुसतं घेऊन विमानतळावर जाता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि काराचं ना-हरकत पत्र या वाटेवरही लागतं. आणि समोरच्या देशाला आधी विचारलं पाहिजे. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथले नागरिक भारतातून मूल नेणार असतील तर आय-८००ए आणि मग आय-८०० या अर्जांची मंजुरी आधी लागते, दत्तक त्यानंतर. सख्ख्या भावाचं मूल असलं तरी सूट नाही. इथे आधी दत्तकपत्र केलं आणि मग अर्ज भरायला घेतला तर तो रस्ता बंद होतो. ग्रीनकार्डवाल्यांना तर हा रस्ताच नाही. त्यांना सोळा वर्षांच्या आत दत्तक झालेलं मूल दोन वर्षं आपल्या कायदेशीर ताब्यात आणि प्रत्यक्ष सहवासात ठेवल्याचं दाखवावं लागतं. याचा अर्थ एकाने नोकरी सोडून इथे येऊन राहणं असाही होऊ शकतो. ब्रिटनमध्ये तिथल्या यंत्रणेची तपासणी न करता दत्तकासाठी मूल आणणं हा २००२ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्या माणसाने आधी तिकडे विचारायचं. गावच्या वकिलाला लंडनचा नियम माहीत असायची अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आणि जमिनीचं. आमच्याकडे हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात असतो. दत्तक गेल्यावर मुलाचे जन्मघराशी असलेले वारसाहक्क संपतात. पण दत्तकापूर्वी जी मालमत्ता त्याच्या नावे आधीच आली आहे ती त्याचीच राहते. वडील वारले, सातबारावर वारस म्हणून मुलाचं नाव लागलं, आणि नंतर ते मामाकडे दत्तक गेलं, तर त्या हिश्श्यावरचं नाव कमी होत नाही. दोन्ही कायदे हेच सांगतात. काजूच्या चार कलमांवरून पुढच्या पिढीत भांडण नको असेल तर सातबारा आणि आठ-अ आधीच समोर ठेवून बोला.

वाट दुसरी: परदेशी राहणाऱ्यांना संस्थेतलं मूल हवं आहे

इथे मूल आपण निवडत नाही. संस्थेत जाऊन "हे बाळ आवडलं" म्हणायची सोय नाही आणि ती नसावीच. एखादं मूल टाकलेलं सापडलं तर बाल कल्याण समिती त्याच्या माणसांचा शोध घेते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिन्यांत, मोठ्यासाठी चार महिन्यांत निर्णय होतो. आईवडिलांनी स्वतः समितीपुढे सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचाराला साठ दिवस मिळतात. त्यानंतरच मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं होतं.

अनिवासी भारतीयांना, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना, देशात राहणाऱ्या जोडप्यांच्याच रांगेत धरतात. ओसीआय कार्डधारक आणि परदेशी नागरिक यांचा नंबर नंतर लागतो, मुलाला देशात घर मिळालं नाही तर. प्रत्यक्षात त्यांच्यापर्यंत बहुधा मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या किंवा उपचारांची विशेष गरज असलेली मुलं पोचतात. हे आधीच स्वीकारून नोंदणी करा. तान्ह्या, धडधाकट बाळासाठी रांगेत तीन वर्षं आणि त्याहून जास्त काळ थांबलेली जोडपी आहेत.

वयाची गणितं पाहून घ्या. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. एकट्या पालकासाठी याच टप्प्यांना ४०, ४५, ५० आणि ५५. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. दोन किंवा अधिक मुलं असलेल्यांना, नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर, विशेष गरजेची किंवा ज्यांना घर मिळणं कठीण जातं अशीच मुलं मिळू शकतात.

मुलाची माहिती आली की सोबत बालअभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. राखून ठेवायला मोजकेच तास असतात. फोटो पाहून डोळे भरून येतात, येऊ देत, पण वैद्यकीय अहवाल त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. रत्नागिरी-चिपळुणात चांगले बालरोगतज्ज्ञ आहेत, तिकडचे पालक त्यांच्याशी व्हिडिओवर बोलू शकतात. डोक्याचा घेर, वजनाचा आलेख, ऐकण्याची तपासणी, हे विचारा. नकार द्यायची वेळ आली तर द्या. जमणार नाही हे माहीत असून होकार देण्याने त्या मुलाचंच नुकसान होतं.

एक गोष्ट कळकळीने: गावचा पत्ता देऊन, आपण इथेच राहतो असं दाखवून नोंदणी करू नका. आधारवर गुहागरचा पत्ता असतो, नोकरी दोह्यात. घरपाहणीत हे उघडं पडतं, आणि नाही पडलं तर मूल नेताना पडतं. इथे राहून रीतसर दत्तक घेतलं आणि दोन वर्षांच्या आत परदेशी जायची वेळ आली, तर तसं आधी लेखी कळवून जाता येतं.

आखातात राहणाऱ्यांसाठी

तिथे हेग करार नाही आणि दत्तकाला कायद्याची मान्यता आपल्यासारखी नाही. इस्लामी कायद्यात मुलाचा सांभाळ आहे, वंश बदलणं नाही. म्हणून तिथल्या अनिवासी भारतीयांनी भारतीय दूतावासाकडून सुरुवात करायची. दूतावासाला आधी विचारा की घरपाहणी कोण करणार आणि दोन वर्षांचे पाठपुरावा अहवाल कोण लिहिणार. दुसरा प्रश्न कंपनीच्या माणसाला: दत्तक आदेशावर मुलाला आश्रित म्हणून राहण्याचा परवाना मिळतो का, आणि त्यासाठी कागदांवर कुणाकुणाचे शिक्के लागतात? हे लेखी उत्तर हातात नसेल तर पुढे जाऊ नका. बॅचलर क्वार्टरमध्ये राहणारा नवरा आणि गावी राहणारी बायको असं घर असेल, तर मूल प्रत्यक्षात कुठे वाढणार हे प्रामाणिकपणे सांगा. गावी वाढणार असेल तर तसं म्हणण्यात कमीपणा नाही.

वाट तिसरी: आपण कोकणात, मूल दुसऱ्या देशाचं

हे ऐकायला दूरचं वाटतं, पण आपल्या किनाऱ्यावर ते रोजचं आहे. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, बंदरांत नौकांवर नेपाळी खलाशी असतात. त्यांची पोरं आपल्या अंगणात खेळतात, मालवणी बोलायला लागतात. मूल नसलेल्या बागायतदार जोडप्याला त्यातल्या एकाचा लळा लागतो आणि हंगाम संपताना बोलणं निघतं, "ह्याला इथेच ठेवा, आम्ही सांभाळू."

सीमा उघडी आहे, व्हिसा लागत नाही, म्हणून नेपाळ परदेश नाही असं लोक धरून चालतात. दत्तकाच्या बाबतीत तो परदेशच आहे. नेपाळने हेग करारावर २००९ मध्ये सही केली, पण अजून त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. नेपाळी आईवडिलांचं मूल दत्तक घ्यायचं तर नेपाळच्या कायद्याने, नेपाळच्या सरकारी यंत्रणेमार्फत, तिथल्या मंजुरीने. तिथल्या कागदांचा इतिहासही चांगला नाही. बेवारस म्हणून दाखवलेल्या मुलांच्या कागदपत्रांची खात्री देता येत नाही म्हणून अमेरिकेने २०१० मध्ये नेपाळमधली अशी दत्तकं थांबवली. कोणत्याही परदेशातून मूल आणणाऱ्या भारतीयांसाठी नियम असा: त्या देशातली सगळी प्रक्रिया तिथे पूर्ण करायची, तो देश हेगमध्ये असेल तर काराची मंजुरी आधी घ्यायची, मूल त्याच्या देशाच्या पासपोर्टवर आणि लागेल तिथे व्हिसावर इथे येतं, आणि भारतीय नागरिकत्वासाठी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो.

माझं मत विचाराल तर बागेतल्या गड्याचं मूल मागूच नये. जो माणूस तुमच्याकडे मजुरीला आहे, तुमच्या जागेत राहतो, त्याचं 'हो' हे मोकळं 'हो' आहे की नाही हे तुम्हालाही कळणार नाही. त्या मुलावर माया असेल तर त्याला वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वह्या, दप्तर, पावसाळ्यात गावी न जाता शाळा सुरू ठेवता येईल अशी राहायची सोय, हे करा. आणि खरोखर दत्तक घ्यायचं असेल तर काराकडे नोंदणी करा, देशातली मुलं वाट पाहत आहेत.

आई सोडून गेली, बाप बोटीवरून परतलाच नाही, असं परदेशी मूल तुमच्या दारात राहिलं असेल तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, १०९८ वर, फोन करा किंवा बाल कल्याण समितीला कळवा. कितीही प्रेमाने असो, तसंच ठेवून घेऊ नका. बाल न्याय कायद्याची प्रक्रिया टाळून मूल देणं-घेणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे गुंतले असतील तर तो विक्रीचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यानेच ताब्यातलं बाळ असं परस्पर दिलं तर शिक्षा याहून मोठी आहे.

कागदांची पिशवी

सगळ्यात जास्त वेळ नावांत जातो. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आधारवर सुप्रिया, शाळेच्या दाखल्यावर शेवंती, सातबारावर माहेरचं तिसरंच, आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये नाही. परदेशी अधिकाऱ्याला या तीन बायका वाटतात. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. जुनी लग्नं नोंदलेली नसतात, ती नोंदवून घ्या. मुलाचा जन्म ग्रामपंचायतीत नोंदला आहे का, त्यावर मुलाचं नाव चढवलं आहे का, की नुसतंच 'मुलगी' आहे, तेही पाहा.

इथे राहून दत्तक घेणाऱ्यांना उत्पन्न दाखवावं लागतं आणि आंबा-काजूवाल्यांकडे पगाराची स्लिप नसते. आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम, नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. घर सामाईक असेल तर घाबरू नका, श्रीमंती कुणी मोजत नाही. समाजसेवक पाहतो ते वेगळं: विहिरीला कठडा आहे का, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मान्य आहे का, तुम्ही मुलाला तो दत्तक आहे हे सांगणार आहात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलं पाहिजे. वाडीत असंही काही लपत नाही, आणि शाळेच्या वाटेवर दुसऱ्याकडून कळणं फार वाईट.

पैसे फक्त नियमावलीत दिलेल्या शुल्काइतके, बँकेतून, पावती घेऊन. संस्थेला देणगी म्हणून एक रुपयाही देऊ नका, नियमाने ती घेताच येत नाही.

मूल निघण्याआधी आणि गेल्यावर

मोठं मूल जाणार असेल तर महिनोन्महिने आधी तिकडच्या माणसांशी रोज थोडं बोलणं ठेवा. तिकडच्या आईने आपल्या स्वयंपाकघरातून फोन करावा, फ्रीज उघडून दाखवावा, झोपायची खोली दाखवावी. मालवणीत बोलणारं पोर तिकडे गेल्यावर पहिले काही आठवडे गप्प होतं. त्याची बोली समजणारं एक तरी माणूस फोनवर हवं. तिकडच्या पालकांना सकाळची मऊ पेज करायला शिकवून पाठवा. भूक लागली की हट्ट करणारं पोर ओळखीच्या चवीने शांत होतं.

हेगच्या वाटेने पूर्ण दत्तक होऊन अमेरिकन नागरिकांकडे गेलेलं मूल आयएच-३ व्हिसावर तिथे उतरताच नागरिक होतं. इतर देशांत वेगळा अर्ज लागू शकतो, तो राहू देऊ नका. पाठपुराव्याचे अहवाल दोन वर्षं जातात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. ही भेट म्हणजे संशय नव्हे. काही जमत नसेल तर सांगायची हीच जागा आहे.

आदेशाची मूळ प्रत, काराचं प्रमाणपत्र, जुना आणि नवा जन्मदाखला, बालअभ्यास अहवाल, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि दुसरा संच गावच्या घरात नको, बँकेच्या लॉकरमध्ये. आमच्या पावसात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांच्या बरोबरीने. त्या दिवशी त्याला हीच फाइल लागेल, म्हणून त्यातला एकही कागद फाडू नका, नाव चुकलेला असला तरी.